पांढरी पाच, काळी चार

बुधवारी सकाळी सहाच्या सुमारास रत्नागिरीतले सगळे पक्षी अर्ध्या सुराने खाली आले. आत्माराम भाटकर त्या वेळी मागच्या पडवीत पेटीपुढे मांडी घालून बसला होता. पुढ्यात वही, कानावर पेन्सिल, डावा हात भात्यावर आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर. शेजारच्या फणसावरून कोकिळाने पहिली हाक दिली आणि आत्मारामचं बोट सवयीने काळी चारवर पडलं. आठ दिवसांपूर्वी ते तिथेच पडलं होतं, गेल्या सालीही जवळपास तिथेच. पण आज पेटी एक बोलली आणि कोकिळ एक बोलला. आत्मारामने बोट उचललं, धोतराला पुसलं आणि परत ठेवलं. कोकिळाने दुसरी हाक जरा वरून दिली, तिसरी त्याहून वरून, पण त्या हाका आत्मारामच्या हिशेबी नव्हत्याच. दिवसाची पहिली हाक तेवढी प्रमाण, नंतर नंतर कोकिळ भावनेच्या भरात वाहवत जातो, असं त्याचं ठाम मत होतं. तो वाट बघत बसला. कोकिळ दम खाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तेव्हा आत्मारामने भीतभीत बोट शेजारच्या पांढरी पाचवर सरकवलं, आणि ते चपखल बसलं. मग त्याने तांबटाची टुकटुक लावून पाहिली. तांबटही उतरलेला. कुंपणावरचा दयाळ उतरलेला. कावळ्याचा सूर त्याने कधी लावला नव्हता, पण त्या सकाळी कावळासुद्धा त्याला उतरल्यासारखा वाटला.

एकटा कोकिळ उतरला असता तर त्याचं काही बिनसलं असेल, असं म्हणून त्याने शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहून टाकलं असतं. वहीला पाच रकाने होते, बंदरावरच्या जकात कचेरीत आत्माराम जे बुक भरत असे त्याला असतात तसेच: तारीख, वेळ, पक्षी, सूर, शेरा. पण सगळ्या गावातल्या पक्ष्यांनी ठरवून एका रात्रीत उतरायचं म्हणजे काय लिहायचं? म्युनिसिपालिटीने ठराव केला तरी रत्नागिरीतली माणसं इतकी एकदिलाने वागत नाहीत. पक्षी उतरलेले नाहीत असं धरलं तर मग उरतो आपला कान. गेल्या दिवाळीत हिवतापावर त्याने पंधरा दिवस क्विनाइन घेतलं होतं, आणि क्विनाइनने कान जातात हे त्याने वाचलेलं होतं. त्याने डावा कान दाबून उजव्याने ऐकलं, उजवा दाबून डाव्याने ऐकलं. दोन्हींना एकच ऐकू येत होतं, ते म्हणजे स्वैपाकघरातून त्याची बायको कमळा म्हणत होती, "चाय ठेवलीय वो. निवेल."

आणि हे व्हायला नेमका हाच आठवडा सापडला होता. येत्या रविवारी संध्याकाळी वाचनालयात आत्मारामच्या पुस्तकाचं जाहीर वाचन होतं. वाचनालयाचे अध्यक्ष महिपतराव वकील, हायस्कुलातले मास्तर, दोन डॉक्टर, झालंच तर कलेक्टर कचेरीतले कोणी कोणी, असे सगळे जमणार होते. वाचन पसंत पडलं तर पुस्तक वाचनालयाच्या खर्चाने छापायचं ठरलेलं होतं. पुस्तकाचं नाव 'कोकणपक्षी-स्वरप्रकाश'. जकातीच्या रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठीवर, बारीक अक्षरात, सात प्रकरणं. आत्माराम व्हर्नाक्युलर फायनलच्या पुढे शिकला नव्हता. वाचनालयात गेली कित्येक वर्षं तो दाराशेजारच्या बाकावर बसत आला होता, आणि आतल्या गोल टेबलाशी त्याला खुर्ची कोणी नाकारली नव्हती तशी दिलीही नव्हती. रविवारी ती मिळणार होती. हे त्याने स्वतःशीसुद्धा उघड कबूल केलं नव्हतं, पण मुरुडच्या नाक्यावर आठ दिवस तपासणीला जाऊन काल संध्याकाळी तो परत आला, तेव्हा वाटभर शिडाच्या पडावात बसून त्या खुर्चीवर पाठ टेकून बसावं की जरा पुढे सरकून, याचाच विचार करत आला होता.

पुस्तकाची गोष्ट अशी होती. वाचनालयात संगीताची पुस्तकं खिडकीजवळच्या कपाटात असत आणि पशुपक्ष्यांची जिन्याखालच्या. आत्मारामने, इंग्रजी कोश मांडीवर घेऊन, दोन्ही कपाटं वाचून काढली. संगीताच्या पुस्तकांत लिहिलेलं असे की मोर षड्ज बोलतो, कोकिळ पंचम बोलतो आणि हत्ती निषाद. हे लिहिणाऱ्यांपैकी कोणी हत्तीपुढे तंबोरा घेऊन बसला असेल असं मात्र वाटेना. पक्ष्यांची पुस्तकं साहेबांनी लिहिलेली. त्यांत चोचीची लांबी, अंड्यांचा रंग, घरट्यातल्या काड्या, सगळं बैजवार, आणि आवाजाबद्दल एक ओळ: कर्कश, किंवा मंजुळ, किंवा झोपमोड करणारा. कोकिळाला तर एका साहेबाने सरळ डोकेदुखी म्हटलं होतं. म्हणजे एका कपाटात सूर होता पण पक्षी नव्हता, आणि दुसऱ्यात पक्षी होता पण सूर नव्हता. मधल्या सतरंजीवर उभं राहून आत्मारामला वाटलं की मधलं पुस्तक आपल्यासाठीच राहून गेलं आहे. हे पंचवीस सालचं. त्याच साली एका नाटक कंपनीचा तंबू रत्नागिरीत कायमचा बसला, म्हणजे कंपनीच बुडाली, कंपनीचे पेटीवाले बाबूकाका इथेच झाडगावात राहिले, आणि त्यांच्याकडची एक पेटी आत्मारामच्या घरी आली. तेव्हापासून चौतीस सालच्या ह्या चैत्रापर्यंत, कोकिळाचा हंगाम असेल तेव्हा, तो गावात असला तर, एक सकाळ त्याने चुकवली नव्हती. पांढरी एक हा षड्ज धरायचा आणि जो पक्षी बोलेल त्याचा सूर शोधायचा. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठे असेल तर तो आण्यांत लिहायचा, कारण सुराचे त्याने सोळा आणे पाडले होते. हत्तीचं तेवढं राहिलं. एकदा सर्कस आली होती, पण तिच्यातला हत्ती तिन्ही दिवस काही बोलला नाही.

आणि वही भरता भरता त्याला सातवं प्रकरण सापडलं. पंचवीस साली रत्नागिरीचा कोकिळ पांढरी पाचवर होता, म्हणजे शुद्ध पंचम, शास्त्रात लिहिलाय तसाच. सत्तावीस साली तो पंचमावर तीन-साडेतीन आणे होता. तिसाला नऊ आणे. तेहतिसाला चौदा. आणि ह्या साली पहिल्याच आठवड्यात काळी चारवर, कोमल धैवतावर जाऊन बसला. कोकिळ चढत होता. बाकीचे पक्षी त्याच्या मागोमाग चढत होते. आत्मारामने हे पहिल्यांदा ताडलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. त्याने हिशेब मांडला: याच चालीने सन १९७० च्या चैत्रात रत्नागिरीचा कोकिळ तार षड्जाला पोचेल. महिपतराव वकिलांनी पहिली सहा प्रकरणं चाळली आणि सातवं उभ्या उभ्या वाचून काढलं. पुस्तकाला त्यांनी स्वतः होऊन प्रस्तावना लिहिली, बारा पानं, सगळी सातव्या प्रकरणावर, आणि तिच्यात कोकिळाप्रमाणेच आपला समाजही कसा पायरीपायरीने चढतो आहे हे दाखवून दिलं. एकच प्रश्न त्यांनी विचारला होता, की सत्तर सालानंतर काय? आत्मारामने सांगितलं होतं, पुढची पिढी बघेल.

आज तोच कोकिळ नऊ वर्षांची चढण एका रात्रीत उतरून, काही झालंच नाही अशा थाटात फणसावर बसला होता. आत्माराम चहा न पिताच बंदरावर निघाला. वाटेत तो ऐकत होता. माणसाला आपल्या कानाचा संशय आला की जगात किती आवाज आहेत ते कळतं. कुठे रहाट कुरकुरत होता, कुठे जात्याची घरघर, मिरकरवाड्याच्या उतारावर कोळणींची भांडणं. सगळं कालच्यासारखंच वाटत होतं, पण काल तरी नीट ऐकलं होतं कुठे? कचेरीत त्याने एका गलबताचा माल दोनदा नोंदला. दुपारी मुंबईची आगबोट लांबून शिटी देऊन गेली, आणि खिशात पेटी मावत नाही याचं आत्मारामला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं. शेवटी परवान्यावर शिक्का घ्यायला आलेल्या गलबतावरच्या धोंडू तांडेलाला त्याने हळूच विचारलं, "धोंडूशेट, हल्ली कोकिळ कसा काय वाटतो?"

"कोन कोकिळ?"

"पक्षी हो."

"वरडतो."

"पण पूर्वीपेक्षा फरक वाटतो काय काही? आवाजात?"

धोंडू तांडेलाने आत्मारामकडे नीट बघून घेतलं. वादळात माणूस काहीबाही बोलायला लागला तर त्याला कसं सांभाळायचं हे तांडेलाला माहीत असतं. "आत्मारामभाऊ," तो म्हणाला, "आमच्या आज्याच्या टायमापासून तो तसाच वरडतोय. तुमी मुरुडास उन्हातान्हात हिंडलाव, घरी जाऊन सोलकढी घ्या."

घरी येताना आत्मारामला कारण नसताना कमळाचा आवाज आठवला. म्हणजे बोलण्याचा नव्हे, तो रोजच कानावर होता. गाण्याचा. कमळा आरे गावची. तिचे वडील भजनाचे बुवा, घरात पेटीबिटी नव्हती, नुसत्या टाळावर सूर उचलायचे, आणि लेक मागे बसून तो झेलायची. लग्न झाल्यावर पहिली वर्षं दर गुरुवारी दिवेलागणीला ती दोघं बसत, ती म्हणे आणि तो वाजवी. आत्मारामच्या घरात त्या तासाइतका चांगला तास दुसरा नसे. मग कधीतरी त्याच्या लक्षात आलं की ती चढते. थोडंसंच, पण चढते. "पेटीकडे लक्ष दे, तू चढतेस," तो म्हणे. ती हसून म्हणे, "तर तुमी या की माझ्याकडे." पेटी गाणाऱ्याकडे कशी जाईल? पेटी प्रमाण. त्याने तिला प्रमाण म्हणजे काय ते समजावून सांगितलं, एकदा नव्हे, बऱ्याचदा, आणि शेवटी शेवटी आवाज चढवूनही. चारेक वर्षांपूर्वी एका गुरुवारी ती म्हणाली की आज पापडाचं काम पडलंय. पुढच्या गुरुवारी काही तरी दुसरं पडलं. मग गुरुवार बंद झाले आणि ते बंद झाल्याचंही काही दिवसांनी कुणी बोलेनासं झालं. आत्मारामने मात्र ही गोष्ट वाया जाऊ दिली नव्हती. सातव्या प्रकरणाला त्याने एक तळटीप जोडली होती: 'ही चढण गृहस्त्रियांच्या कंठातही आढळते. दाखला घरचाच आहे.' वकिलांना ती टीप फार आवडली होती.

घरी पोचल्यावर त्याने हातपाय न धुता पेटी पुढे ओढली. भात्याकडची बाजू उघडली तर आत नव्या चामड्याचा वास. झाकणाच्या आतल्या अंगाला खडूची खूण, बाबूकाकांच्या हातची. कमळा दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं. तिच्या तोंडावर लपवून ठेवलेलं काही तरी होतं, लहान मुलाच्या मुठीत असतं तसं.

"कळलं वाटतं. मी सकाळपासनं बघतेय, कवा बोलताव ते."

"बाबूकाकांकडे दिली होतीस?"

"तुमी मुरुडास गेलाव त्याच दिशी. म्हटलं रविवारी एवढी मानसं येनार, वकील येनार, पेटी नीट नको काय? मीच डोक्यावरनं नेली झाडगावात. बाबूकाका म्हनाले, खाऱ्या वाऱ्यान् सगळी पाती बसलीत, अर्ध्या सुरान् उतरलीय पेटी. काल दुपारी आनली. कशी लागतेय?"

"बरी लागते," आत्माराम म्हणाला. तो पडवीत जाऊन बसला. बंदरावर जन्म गेलेल्या माणसाला हे कळायला इतका वेळ लागावा? पडावात बसलेल्याला धक्का मागे सरकताना दिसतो, ते काय धक्का चालायला लागतो म्हणून? नऊ वर्षं कोकिळ जागचा हलला नव्हता. पेटी उतरत होती, सालाला पावणेदोन आणे ह्या चालीने, खारा वारा खात, आणि आत्माराम तिच्यात बसून रोज सकाळी लिहीत होता की कोकिळ चढला. त्याला आधी कानाचं समाधान वाटलं, कान शाबूत होते. मग लगेच वाटलं की कान गेले असते तर बरं झालं असतं, निदान लोक हळहळले असते. वकिलांची बारा पानं आठवली. गोल टेबलाशी बसलेले मास्तर आठवले, त्यांच्यातले एक पदार्थविज्ञान शिकवतात. आणि आत स्वैपाकघरात कमळा भांडी वाजवत होती, तिच्या त्या वाजवण्यात सुद्धा खुशी होती. तिला काय सांगणार, की तू डोक्यावरून नेलंस ते माझं पुस्तक होतं?

गुरुवारी कचेरी सुटल्यावर तो पेटी खांद्यावर घेऊन झाडगावात गेला. बाबूकाका ओटीवर कानस घेऊन बसले होते. सत्तरीचा माणूस, दात गेलेले, पण कुणाच्याही घरातली पेटी रस्त्यावरून ऐकून तिचं कुठलं पातं आजारी आहे ते सांगत.

"बाबूकाका," आत्माराम म्हणाला, "ही पेटी परत होती तशी करता येईल काय?"

"होती तशी म्हंजे?"

"उतरलेली. रविवारपुरती. नंतर पुन्हा चढवा हवी तर."

बाबूकाकांनी कानस खाली ठेवली. "आत्मारामा, तू जकातीच्या कचेरीतला मानूस. उद्या कुनी आला नि म्हनाला, तुमचं वजन रविवारपुरतं खोटं करून द्या, तर देशील काय?" मग ते जरा नरमले. "तुझा दोष नाय रे. एखादा सूर उतरला असता तर मांजराला पन कळलं असतं. ही सगळी मंडळी एकमेकांचा हात धरून उतरली. चांगल्या घरान्यातली पेटी. जो रोज तिच्याजवळ बसतो त्याला नाय कळायचं. माझ्याकडं असती तर मला पन कळलं नसतं कदाचित."

"मग कळलं कुणाला?"

"तुझ्या बायकोला. आली, डोक्यावरची पेटी उतरवली, पदरान् घाम पुसला, नि म्हनाली, बाबूकाका, ही अर्ध्या सुरान् बसलीय. मी अजून भाता पन हलवला नव्हता. मी म्हटलं, पोरी, कशावरनं? तर म्हनाली, माझ्यावरनं."

परतीच्या वाटेवर पेटी त्याला फार जड झाली. दोनदा ती वाटेकडेच्या दगडी गडग्यावर टेकवून तो उभा राहिला. माझ्यावरनं. शुक्रवार-शनिवार त्याने हाच शब्द घोळवत काढले. म्हणजे तिला ठाऊक होतं. किती वर्षं? 'तुमी या की माझ्याकडे,' असं ती म्हणाली होती ती थट्टा नव्हती काय? आणि आपण तिला प्रमाण समजावून सांगत होतो, हातवारे करून. फणसावरच्या पाखराची पहिली हाक नऊ वर्षं टिपली, आणि ते पाखरू तर आपल्याला ओळखतही नाही. आत्माराम चांगला माणूस होता आणि आपण चांगले आहोत याची त्याला साधारण खात्री होती. त्या दोन दिवसांत ती खात्री बरीच खाली आली, किती आणे ते त्याने मोजलं नाही. पण एवढं सगळं वाटूनही, खरं सांगायचं तर, शनिवारी संध्याकाळपर्यंत सातवं प्रकरण वाचून टाकायचं असाच त्याचा बेत होता. पेटी नुसती शोभेला पुढ्यात ठेवायची, वाजवायची नाही. वाचनालयात कोकिळ थोडाच साक्षीला येणार होता? एकदा छापलं की छापलं. छापलेल्या पुस्तकाला कोण अर्धा सूर विचारतो? कपाटातल्या त्या हत्तीला कुणी विचारला होता?

रविवारी वाचनालय भरलं. गोल टेबल मधून काढून भिंतीला लावलं होतं आणि त्याच्याशी आत्मारामसाठी खरोखरच खुर्ची ठेवलेली होती. बायकांसाठी डाव्या अंगाला दोन बाकं होती, त्यांतल्या दुसऱ्यावर कमळा बसली होती, ठेवणीतल्या लुगड्यात, पेटीकडे बघत. महिपतराव वकिलांनी प्रस्तावना वाचली, चांगली तासभर. मग आत्माराम उठला. पहिली सहा प्रकरणं त्याने थोडीथोडी वाचली. तांबटाच्या लयीवर लोक खूश झाले, हत्तीच्या मौनाला हसले, पदार्थविज्ञानाच्या मास्तरांनी दोनदा मान हलवली. आत्मारामला वाटलं, हे जमतंय. तो सातव्यावर आला. पंचवीस साल वाचलं, सत्तावीस वाचलं, तीस वाचलं, लोक पुढे सरसावून ऐकत होते. आणि मग पानाच्या तळाशी त्याची नजर गेली. तळटीप. 'ही चढण गृहस्त्रियांच्या कंठातही आढळते.' वकिलांनी प्रेमाने म्हटलं, "ती टीप वाचा, भाटकर, टीप वाचा." आत्मारामने मान वर केली. कमळा त्याच्याकडे बघत होती, आणि पुढे काय येणार याची तिला कल्पना नव्हती. इतकी वर्षं जे तो तिला घरात, दार लावून म्हणत आला, ते आता तो वकील-डॉक्टरांपुढे म्हणणार होता आणि ते छापून निघणार होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, साधी, उघडी लाज, चारचौघांत धोतर सुटावं तशी.

"ही टीप खोटी आहे," तो म्हणाला.

वकिलांना वाटलं हा विनय आहे. ते हसले, म्हणून बाकीचेही हसले. आत्मारामने पेटीवर पांढरी पाच दाबून धरली. "हा पंचम. परवा ह्या गावचा कोकिळ इथे होता. आज सकाळीही इथे होता. नऊ वर्षांपूर्वी इथेच होता. तो कुठे गेला नाही. माझी पेटी उतरत होती, आणि मी लिहीत होतो की कोकिळ चढतो आहे. पेटी उतरली हे मला कळलं नाही. माझ्या घरात कळलं होतं. तिला मी म्हणत होतो की तू चढतेस. ती जागेवर होती." एवढं बोलून त्याने पट्टी सोडली आणि खुर्चीवर बसला. पाठ टेकून बसला की पुढे सरकून, हे नंतर त्याला आठवेना.

पदार्थविज्ञानाच्या मास्तरांनी पेटीकडे बघून पुन्हा एकदा मान हलवली. महिपतराव वकिलांच्या हातात बारा पानं होती. ती त्यांनी एकदा सरळ केली, एकदा गुंडाळली. "म्हणजे भाटकर," ते म्हणाले, "सत्तर साली कोकिळ कुठे असेल?"

"पंचमात."

"आणि समाज?"

आत्मारामला समाजाबद्दल काही माहिती नव्हती आणि त्याने तसं सांगितलं. वकील म्हणाले की कल्पना मात्र फार चांगली होती. मग सहा प्रकरणांच्या पुस्तकाचा विचार समितीच्या पुढच्या सभेत करू असं ठरलं, आणि समितीची पुढची सभा कधी भरते हे रत्नागिरीत सगळ्यांना माहीत होतं. आभाराचा ठराव झाला. खुर्ची दोघांनी उचलून जागेवर नेऊन ठेवली.

वाटेत कमळा दोन पावलं मागून चालत होती. बोलली ती घराचा कोपरा दिसल्यावर. "मी पेटी नेली नसती तर तुमचं पुस्तक झालं असतं."

"झालं असतं."

"मग मला सांगितलात नाय ते? बुधवारीच?"

"तू सांगितलंस काय मला? नऊ वर्षांत?"

"सांगितलं की," कमळा म्हणाली. "गुरुवारच्या गुरुवारी सांगत होते." चार पावलांनी तिने विचारलं, "रागावलाव?" तो नाही म्हणाला, आणि खांद्यावरची पेटी त्याने दुसऱ्या खांद्यावर घेतली.

सोमवारी सकाळी तो सवयीने उठून मागच्या पडवीत आला. अजून पुरतं उजाडलं नव्हतं आणि फणस गप्प होता. कमळा तुळशीला पाणी घालत होती आणि ओठांतल्या ओठांत काही तरी म्हणत होती, बुवांचंच कुठलं तरी पद असावं. त्याची चाहूल लागल्याबरोबर ती थांबली. चार वर्षांत तिने ही सवय इतकी पक्की करून घेतली होती की आपण थांबलो हे तिलाही कळलं नसेल. आत्मारामला ते कळलं, आणि फार लागलं. तो पेटीपुढे बसला, भाता उघडला, पण पट्टीला हात लावला नाही.

"थांबू नको," तो म्हणाला. "म्हण."

"सूर द्या की मग."

"तू दे. मी येतो तुझ्याकडे."

तिने तांब्या खाली ठेवला. जरा वेळ ती वृंदावनाच्या कडेवरची माती बोटाने सारखी करत राहिली, आणि मग, बुवा उचलत असतील तसा, तिने कुठूनसा सूर उचलला. आवाज थोडा गंजला होता, चार वर्षांचा. पण सूर हलला नाही. आत्माराम पट्ट्यांवरून बोट फिरवत तिच्यापर्यंत गेला, आणि बोट चपखल बसलं. तिने डोळे मिटले होते. पद संपेपर्यंत तो वाजवत राहिला, नीट, तिच्या मागे मागे. मग फणसावर कोकिळ बोलला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला उशीर झाला होता. आत्मारामने वही ओढली, कानावरची पेन्सिल काढली, तारीख घातली, वेळ घातली. पक्षी ह्या रकान्यात त्याने कमळा असं लिहिलं. सुराच्या रकान्यात पांढरी पाच. मग शेऱ्याच्या रकान्याशी तो बराच वेळ थांबला आणि कचेरीतल्या अक्षरात लिहिलं: 'चढलेली नाही.'